प्रश्न तेविसावा : खुर्ची

परभणी जिल्ह्यातील समस्त विचारवंत, उद्योजक आणि प्लास्टिक सामानाचे विक्रेते यांना कळविण्यात येते की, व्यवसाय, तंत्रज्ञान आणि सामाजिक समता या तीन गहन विषयांचा मी अनेक वर्षं कसून अभ्यास केला आणि शेवटी एका लाल खुर्चीपाशी येऊन थांबले. कृपया नोंद घ्यावी.

मी कॉलेजात कॉमर्स शिकवते. पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "आधी डॉक्टरांना गुडघे दाखवायचे की आधी पीएच.डी.?" मी पीएच.डी. म्हणाले. विषय होता ग्रामीण महिला उद्योजक आणि तंत्रज्ञानामुळे त्यांना मिळालेली समता. प्रश्नावली बावीस प्रश्नांची. ती गावोगाव जाऊन भरून घ्यायची.

पेडगावात एक बाई मिरची-मसाला कांडायचं यंत्र चालवते. मी प्रश्न विचारायला गेले आणि पहिल्या प्रश्नाआधी अकरा शिंका दिल्या. ती यंत्रात मिरच्या घालत उभी होती. दाराबाहेर, जिथे तिखट उडत नाही अशा बरोब्बर जागी, लाल खुर्चीत तिचे सासरे बसले होते. प्रश्न मी तिला विचारायचे, उत्तर खुर्चीतून यायचं.

"मालक कोण?"

"ती."

"मोबाइलवर ऑर्डरी कोण घेतं?"

"ती."

"यंत्र बिघडलं तर?"

"तीच बघती. मला त्यातलं काई कळत न्हाई."

"मग तुम्ही काय करता?"

"मी हाय इथं."

माझ्या बावीस प्रश्नांत ती बाई पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाली. समता पूर्ण. मी कागद पिशवीत घातले आणि मग कुठे लक्षात आलं, की दोन तासांत ती एकदाही बसलेली नाही. सासरे पाणी प्यायला घरात गेले तेव्हा मी विचारलं, "बसत का नाही गं?"

"मॅडम, खुर्ची एकच हाय."

याला म्हणतात संशोधनातला साक्षात्कार. पुढच्या खेपेला मी परभणीतून दुसरी खुर्ची घेतली, निळी, आणि रिक्षाच्या टपावर बांधून पेडगावात नेली. रीतसर प्रयोग. खुर्ची यंत्राजवळ ठेवली, चहा प्याले, परतले.

महिन्याने पुन्हा गेले. सासरे लाल खुर्चीतच. निळ्या खुर्चीवर त्यांचा रुमाल, चष्म्याचं घर आणि दोन्ही पाय. मला बघून त्यांनी घाईने पाय काढले, खुर्ची रुमालाने पुसली. "बसा मॅडम. पावण्यासाठी ठिवलीय." मी बसले. ती उभीच.

मी प्रश्नावलीत तेविसावा प्रश्न घातला : व्यवसायाच्या जागी खुर्चीवर कोण बसतं? मग आधीच्या सगळ्या बायकांकडे पुन्हा चकरा मारल्या. पापडवाली, शिलाईवाली, झेरॉक्सवाली. पालमच्या एका बाईकडे तर चाकांची खुर्ची होती आणि ती तिचा दीर दिवसभर गोल गोल फिरवत होता.

या सगळ्याचं मी प्रबंधात पाचवं प्रकरण केलं. माझे गाईड ते वाचून खिन्न झाले. "मॅडम, खुर्ची हा व्हेरिएबल होत नाही."

"का होत नाही?"

"आजवर कुणी घेतलेला नाही."

मी प्रकरण काढलं नाही. त्यांनी हात जोडले आणि ओपन व्हायवाला सभागृह तरी भरलेलं दिसू द्या, असं सांगितलं. आमच्याकडे या तोंडी परीक्षेला कुणीही येऊ शकतं, प्रश्नही विचारू शकतं. विचारत कुणी नाही, कारण नंतर जेवण असतं. मी नातेवाईक बोलावले, विद्यार्थी बोलावले आणि पेडगावलाही निरोप धाडला.

दोघंही आले. सासरे दुसऱ्या रांगेत बसले, फेटा अगदी नवा. मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

बाहेरून आलेले परीक्षक बारीक आवाजाचे गृहस्थ होते. पहिली चार प्रकरणं त्यांना आवडली. पाचव्याला त्यांनी चष्मा काढला. "खुर्चीवरून समता मोजता येते याला पुरावा काय? संदर्भसूचीत तर काही दिसत नाही."

मी बोलले, पुष्कळ बोलले. निळ्या खुर्चीची हकिगत हातवारे करून सांगितली. सभागृह हसलं, ते हसले नाहीत. "हा अनुभव झाला, पुरावा नाही. हे प्रकरण गाळून प्रबंध पुन्हा सादर करावा, असं माझं मत होत चाललं आहे." म्हणजे आणखी एक वर्ष. गाईडनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?"

दुसऱ्या रांगेतला नवा फेटा उठला.

"मला इतकंच इचारायचंय सायेब, तुमी समदे बसलाव आन् मॅडम कवाच्या उभ्या हायत. त्यांला एखादी खुर्ची द्या की."

दीड तास झाला होता. माझे गुडघे बधिर झाले होते आणि खुर्चीवर आख्खं प्रकरण लिहिणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. शिपाई खुर्ची आणायला धावला. सासरे समाधानाने पुन्हा टेकले.

परीक्षकांनी नंतर सही केली, पाचव्या प्रकरणासकट. ती माझ्या भाषणामुळे नाही. शिपाई खुर्ची घेऊन मधल्या वाटेने येत असताना, सासऱ्यांसमोर एका प्रश्नाचंही उत्तर न दिलेली ती बाई मागच्या भिंतीपासून साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली :

"मग मी कवाची उभी हाय, मामा?"