खोडलेला पणजोबा

साठ सालाच्या सुमारास मी कुवेतमध्ये बनेद अल-गारला एका स्कॉटिश मॅडमकडे स्वयंपाक करायचे. ती आपल्या घराण्यातल्या मेलेल्या माणसांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायची. "पणजोबा कोळशाच्या खाणीत आहे. त्याची बहीण कॅनडाला गेली." भिंतीवर त्यांच्या नावांचं झाड काढून लावलेलं होतं. त्यावरची धूळ पुसताना मी जळायचे. माझा बाप बोटीवर खलाशी होता. त्याच्या बापाचं नाव सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं.

एकदा मॅडमने पणजोबाच्या नावावर काट मारली.

"हा आमचा नव्हे. त्याच नावाचा दुसराच निघाला. लग्नाआधीच खाणीत मेला."

"मग त्याचं नाव घेणारं कोणी नाही?"

"नाही."

"तुम्हाला नको असेल तर मला द्या."

मॅडम हसली. तिला काय, तिच्याकडे भरपूर होते.