आण्णा मागच्या सीटवर बसतात

ओमानात सोहारला जाऊन मला चौदा वर्षं झाली, पण तिथल्या गोल चौकात शिरताना अजूनही माझा पाय ब्रेकवर थरथरतो. अशा चौकाला तिकडं दव्वार म्हणतात. सिग्नल नाही, पोलीस नाही. मधे मोठा गोल, त्यावर हिरवळ किंवा सिमेंटची भली मोठी सुरई, आणि भोवती गाड्या फिरत असतात. आत असलेल्याला पहिला मान, बाहेरच्यानं थांबायचं, एवढाच नियम. पण मी कोरेगावच्या बाजूचा माणूस. आपल्याकडं चौकात आलं की मान आपोआप उजवीकडं वळते, कारण गाडी तिकडून येते. ओमानात सगळं उलटं. स्टिअरिंग डावीकडं, चालायचं रस्त्याच्या उजव्या बाजूनं आणि गोलात गाडी येते ती डावीकडून. पहिलं वर्षभर मी रिकाम्या बाजूलाच बघत राहायचो.

लायसन्ससाठी तिथं पिंपांच्या मधून गाडी मागं घ्यायची परीक्षा असते, ती मी पहिल्या झटक्यात पास झालो. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र तीनदा नापास, तिन्ही वेळा दव्वारवरच. पहिल्यांदा आत शिरताच आलं नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या. दुसऱ्यांदा शिरलो, पण बाहेर पडता येईना. तीन फेऱ्या झाल्यावर परीक्षक म्हणाला, "बस करो, पेट्रोल खतम होगा." तिसऱ्यांदा न बघताच शिरलो. चौथ्या वेळी दव्वार मोकळा मिळाला आणि पास झालो.

एवढी गोष्ट मी गावाकडं बऱ्याच लग्नांत सांगितलीय, लोक हसतात. त्याच्या पुढची मी कुणाला सांगितली नव्हती.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. लडाखच्या बर्फात ट्रक चालवलेला माणूस. रिटायर होऊन आले आणि त्यांनी एक जुनी जीप घेतली. ती नावाला आमची, खरी गावाची. कुणाला साप चावला, कुणाची सून अडली, कुणाचा मुलगा झाडावरून पडला की माणसं आमच्या दारात येत. आण्णा जेवत असले तर ताट सारून उठत.

त्यांची एक सवय होती. ते दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसले की गप्प बसत नसत. फौजेत ट्रकात शेजारी बसणाऱ्यानं रस्ता बघून सांगायचा असतो, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. पुढं वाकून, काचेला नाक लावल्यासारखं बसायचं आणि सांगत राहायचं, "थांब… थांब जरा… ही गेली की क्लियर… क्लियर हाय, चल." मी गाडी शिकलो तो या आवाजावरच.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात ते महिनाभरासाठी सोहारला आले. आई आली नाही. "म्हशी कुणाच्या जिवावर टाकू?" म्हणाली. आण्णांचा पहिला दिवस मजेचा गेला. तिकडं शेजारच्याची सीट उजवीकडं, म्हणजे आपल्याकडं ड्रायव्हर बसतो तिथं. पुढं स्टिअरिंग नाही म्हणून त्यांचे हात मांडीवर चुळबूळ करत आणि पाय खाली ब्रेक शोधत. पण तिसऱ्या दिवसापासून त्यांना दव्वार माझ्यापेक्षा चांगला कळायला लागला. ते माझ्या छातीपुढून वाकून डावीकडं बघत आणि सांगत. मी ऐकत होतो आणि गाडी लोण्यासारखी आत जात होती, बाहेर पडत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा मला दव्वारची भीती वाटेनाशी झाली. खरं सांगायचं तर मी स्वतः बघायचंच सोडून दिलं.

त्या दिवशी आम्ही समुद्रावरून परत येत होतो. आण्णांचा पाण्यात पँट दुमडून उभे असतानाचा एक फोटो मी काढला होता आणि शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. दव्वारला थांबलो तेव्हा फोन मांडीवर होता आणि टुणटुण वाजत होता. 'फौजी जोरात', 'आण्णा एक नंबर', असं काय काय येत होतं. मी वाचत होतो.

आण्णा म्हणाले, "थांब. पांढरी येतीया."

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. पण डोळे फोनवर होते आणि पाय ब्रेकवरून निघालेला होता. का निघाला ते मला आजही सांगता येत नाही. मागच्यानं हॉर्न दिला असेल, नसेलही. पांढरी गाडी आमच्या पुढच्या बाजूवर आदळली आणि गोलाच्या कठड्याला जाऊन टेकली.

त्या गाडीत एक माणूस आणि त्याची म्हातारी आई होती. माणसाला काही झालं नव्हतं. म्हातारी काळ्या बुरख्यात कठड्यावर बसली होती आणि तिनं एक मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं. ओरडत नव्हती, नुसती मनगटाकडं बघत होती. आण्णांनी आमची पाण्याची बाटली उघडून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली.

पोलीस आला. तिकडच्या बऱ्याच पोलिसांना मोडकं हिंदी येतं. त्यानं मला विचारलं, "क्या हुआ?"

मला नोकरी दिसली, व्हिसा दिसला, लायसन्सवर चढणारे काळे पॉइंट दिसले. मी म्हणालो, "फादर ने बोला क्लियर है, इसलिए मैं निकला."

आण्णा तिथंच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, जरा गोंधळल्यासारखं, नाव विसरलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग ते पोलिसापुढं सरळ, टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "जी सर. गलती मेरी है."

पोलीस हसला. "बाबा, गाडी कौन चला रहा था?"

"ये."

"तो गलती इस का."

म्हणजे त्या खोट्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. दंड माझ्यावर, पॉइंट माझ्यावर, कचेरीत खेटे मी घातले. फुकट बोललो होतो. पण एकदा बोललेलं मागं घेता आलं नाही. घरी बायकोला तेच सांगितलं. आईला फोनवर तेच सांगितलं, वर हसूनही, की आण्णांनी क्लियर दिलं आणि आम्ही ठोकली. आण्णा समोर सोफ्यावर बसून ऐकत होते.

माझा असा समज होता की त्यांना सगळं माहीत आहे. बाप आहे, मुलासाठी साहेबापुढं अंगावर घेतलं, असं मी मनात धरून बसलो. त्याचं मला बरंच वाटलं, हे सांगायला लाज वाटते. त्यानंतरचे बारा दिवस ते गाडीत मागं बसले. "पुढं ऊन लागतंय," म्हणाले. तेही मी खरं मानलं.

ते गावी परत गेले. पुढं दर फोनला एक प्रश्न ठरलेला असायचा.

"त्या म्हातारीचा हात कसा हाय रं?"

"बरा झाला, आण्णा."

मी एकदाही चौकशी केली नव्हती.

पुढच्या वर्षी गावी आलो तेव्हा जीप गोठ्याच्या कडेला पोत्यांखाली झाकलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी ती चुलतभावाच्या दारात होती. चुलतभाऊ त्यांना चिडवायचा, "आण्णा, जीप दिलीसा, आता लायसनबी भंगारात घाला. लसूण देतोय भंगारवाला बदल्यात." आण्णा नुसते हसायचे. "डोळं गेलं रं," म्हणायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, ते पेपर बिनचष्म्याचा वाचत. मी म्हटलं, वय झालं.

यंदा मे महिन्यात मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा कवठे महांकाळला होता. बायको आठवडाभर आधीच माहेरी गेली होती. मी भाड्याची गाडी घेऊन आई आणि आण्णांना घेऊन निघालो. आण्णांनी मागचं दार उघडलं. आईला म्हणाले, "तू बस म्होरं." आई पुढं बसली, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन.

रहिमतपूर, पुसेसावळी करत विट्यात शिरलो. बाजाराचा दिवस असावा. चौकात उसाच्या रसाचे गाडे, एक रिकामा ट्रॅक्टर आडवा, डाव्या बाजूला आंब्यांचा टेम्पो, त्यामुळं तिकडचं काही दिसेना. मी जुन्या सवयीनं विचारलं, "आण्णा, तिकडनं क्लियर हाय का?"

मी आरशात बघितलं. त्यांनी खिडकीच्या बाजूला मान फिरवून डोळे मिटले होते.

"आण्णा?"

"त्यांस्नी नको इचारू," आई हळूच म्हणाली. "तुझं तू बघ."

विट्याच्या पुढं चहाला थांबलो. आण्णा हात-पाय धुवायला मागं नळाकडं गेले. मी आईला विचारलं, काय झालंय?

"तुला ठावं न्हाई व्हय? तुज्याकडनं आल्यापास्नं चावीला हात लावला न्हाई त्यांनी. वरच्या आळीची ती सून, कळा सुरू झाल्या, माणसं दारात आली. हे उठलं, जीपपतूर गेलं आन् माघारी आलं. म्हणालं, माझा अंदाज गेलाय, मी एका म्हातारीचा हात मोडलाय, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दुसरी गाडी बघंपतूर ती वाटंतच बाळंत झाली, टेम्पूत. दोघं वाचली, देवाची किरपा. पर हे तवापास्नं त्या आळीला जात न्हाईत."

मला समोरचा चहा दिसेना. चार वर्षं मी ज्याला बापाची माया समजत होतो ती माया नव्हतीच. त्यांनी अंगावर घेतलं नव्हतं. त्यांनी ते खरं मानलं होतं.

आण्णा पंच्यानं तोंड पुसत आले, बाकावर बसले. मी लगेच बोललो, नाहीतर पुन्हा चार वर्षं गेली असती.

"आण्णा, त्या दिवशी तुमी क्लियर म्हणाला न्हवता."

"कवा?"

"सोहारला. तुमी थांब म्हणाला होता. थांब, पांढरी येतीया, असं. मी ऐकलं होतं. मी फोन बघत होतो. पोलिसाला मी खोटं सांगितलं."

आण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, प्याले. मग आईकडं बघितलं. "तू बोललीस वाटतं त्याला."

"तिचा काय संबंध? मी खरं सांगतोय."

"आरं, माझ्या तोंडातनं काय गेलं ते मला ठावं न्हाई व्हय? अजून ऐकू येतंय मला. क्लियर हाय, चल."

"न्हाई म्हणाला तुमी तसं!"

"आदी मलाबी वाटलं, मी थांबच म्हणालो म्हणून." ते अगदी शांतपणे, समजावून सांगावं तसं बोलत होते. "मग म्हटलं, पोरगं कशाला खोटं बोलंल? ते बी पोलिसाम्होरं, बापाचं नाव घिऊन? आपलंच चुकलं असंल. वय झालं, जिभंचा ताबा ऱ्हात न्हाई. मग हळूहळू आठवलं सगळं."

मी फोन काढला. ग्रुपमध्ये मागं मागं जाऊन तो फोटो शोधला, त्याखालचे सगळे निरोप दाखवले, त्यांची वेळ दाखवली. बघा, म्हटलं, हेच वाचत होतो मी. आण्णांनी फोन लांब धरून फोटो बघितला.

"फोटू बरा आलाय," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. "बघ गं, समुद्र."

"आण्णा, पाया पडतो, ऐका माझं. चूक माझी होती."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कळतंय मला. बापाला बरं वाटावं म्हणून बोलतुयास. चांगलं हाय. पर नगं. आता मनात बसलंय ते ऱ्हाऊ दे." आणि चहावाल्याला म्हणाले, "मालक, एक पाण्याची बाटली द्या. गार नगं."

मी आईकडं बघितलं. तिला तरी पटलं असेल अशी आशा होती. ती फोटोवर बोट ठेवून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

गाडीपाशी आल्यावर मी चावी आण्णांपुढं धरली. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना माळ, एखादं मेंढरांचं खांड, बाकी कुणी नाही. म्हणालो, पाच किलोमीटर तरी चालवा. त्यांनी चावीकडं बघितलंही नाही. मागचं दार उघडून आत बसले आणि पंचा डोळ्यांवर ओढून घेतला.

निघालो. पुढच्या फाट्यावर डावीकडून एक रस्ता येऊन मिळत होता, कडेला बाभळी होत्या, दिसत काही नव्हतं. मी थांबलो. मान वळवून बघायचा प्रयत्न केला. तेवढ्यात आई पिशवी सांभाळत पुढं वाकली, काचेला नाक लावलं. आयुष्यात तिनं कधी रस्ता बघून सांगितला नव्हता.

"थांब," म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "एक ट्रक गेला बघ."

ट्रक केव्हाच निघून गेला होता. आणखी एक मोटारसायकल गेली, मग तीही तिनं सांगितली. मागून कुणी हॉर्न देत नव्हतं. मागच्या सीटवरून काही आवाज येतो का, याची मी वाट बघत होतो.

"जाऊ का, आई?"

"मला काय कळतंय रं त्यातलं," ती म्हणाली. "तूच बघ."