आठवी आसरा

आमच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. गावातली बाळंतीण सव्वा महिन्यानं इथे येऊन त्यांना हळदकुंकू वाहायची, दहीभात ठेवायची आणि मगच पहिली घागर भरायची. भर दुपारी एकटीनं तिकडे जायचं नाही, असं आम्हा पोरींना बजावलेलं होतं.

मी दहा वर्षांची होते, काकूची एकुलती एक मुलगी आठ वर्षांची. कापूस वेचणी चालू होती. दुपारी बायांना तहान लागली, आणि हाताशी होती म्हणून काकूनं तिलाच कळशी देऊन पाठवलं. बऱ्याच वेळानं आम्ही शोधायला गेलो. कळशी तिसऱ्या पायरीवर होती. ती नव्हती.

गाव म्हणालं, आसरांनी नेली. काकूला कुणी बोल लावला नाही. पण तिला धाडलं कुणी, हे काकूला ठाऊक होतं.

तेरवी झाल्यावर काका विहीर बुजवायला मुरमाची बैलबंडी घेऊन गेले. काकू आधीच पायरीवर जाऊन बसली होती.

"ऊठ. ही इहीर मले नाई पायजे आता."

"मंग मले बी बुजवा. माही पोरगी गेली इथं. तिच्यावर दगडं टाकता?"

काकांनी बैल मागे वळवले. मग त्यांनी मुरूम शेताच्या वाटेवर ओतला आणि रिकामी बंडी घरी आणली.

पुढे काही दिवसांनी काकूनं नदीतून एक लहानसा गोटा आणला, त्याला शेंदूर लावला आणि सातांच्या शेजारी बसवला. विहीरपूजा सांगणारी गावातली एक म्हातारी होती, ती तावातावानं आली.

"आसरा सातच असतात. हे आठवी कोठून आनली? कोपतीन त्या."

"त्याहीनंच नेली न तिले?" काकू म्हणाली. "मंग त्याहीच्याच संगं बसन ते."

त्यानंतर आमच्या विहिरीवर पूजेला कुणी येईना. बाळंतिणींना गावविहिरीवर नेऊ लागले.

दोन वर्षांनी पाऊस दगा देऊन गेला. उन्हाळ्यात गावविहिरीत गाळ तेवढा उरला. पुलगावहून टँकर यायचा, पण त्याचा भरवसा नसे. आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं. एका सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बायांची रांग दिसली. कमरेवर घागरी होत्या, पण कुणी पाऊल पुढे टाकेना. काकू पायऱ्या उतरली, ओंजळीनं सगळ्यांदेखत पाणी प्याली आणि वर पाहून म्हणाली, "या व बायाहो. माह्या पोरीचं पानी हाये. काई नाई करत ते."

पहिली पुढे आली ती म्हातारीच. तिनं घागर भरली, कमरेच्या पिशवीतून कुंकू काढलं, साती दगडांना लावलं. क्षणभर थांबली. मग आठव्यालाही लावलं. काकूनं तोंड विहिरीच्या भिंतीकडे फिरवलं. पोरगी गेली तेव्हा ती रडली नव्हती, त्या दिवशी खूप रडली. म्हातारी तिच्याजवळ बसून राहिली, आणि बाया त्या दोघींच्या बाजूनं गुपचूप पाणी भरून नेत होत्या.

पुढे मी समुद्रपूरला सासरी गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा विहीर पुजायला काकूच मला घेऊन गेली. आठही दगडांना हळदकुंकू लावून झालं, तसं इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं.

"काकू, ती खरंच आसरा झाली असं वाटते तुले?"

"मले काय मालूम, बाई? पन ती तिथं एकटीच हाये असं मनात आलं, का मले घास गिळवत नोता."

काकूनं भरलेली घागर माझ्या डोक्यावर ठेवली, पदर नीट केला. घरी बाळ भुकेलं असेल म्हणून आम्ही पाय उचलले.