नाईलवर गेलेली कडक भाकरी

सावित्रम्मा इजिप्तला जाऊन आली आणि भवानी पेठेत दानेश्वरीची झोप उडाली.

दोघी सख्ख्या जावा. इतकी वर्षं दोघींची धाव अक्कलकोटच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण थोरल्या सावित्रम्माचा मुलगा दुबईला नोकरीला लागला आणि त्यानं आईला नाईल नदीवरच्या मोठ्या बोटीची सहल घडवली. बोटीतच राहायचं, जेवायचं, निजायचं. काठावर जुनी देवळं आली की उतरून बघायची.

दानेश्वरी घरी कडक भाकऱ्या करून विकायची. थोरली निघाली तेव्हा तिनंच भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. तोंडानं "जाऊन या अक्का" म्हणाली खरी, पण पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं.

आता गल्लीतल्या बायका सावित्रम्माच्या मोबाईलवर तुटून पडल्या. चार माणसांच्या कवेत न मावणारे खांब, दगडात कोरलेले राजे, मगरीच्या तोंडाचा देव!

"आपल्या कुडलच्या संगमावरचं देऊळ काय कमी हाय?" दानेश्वरी म्हणाली. "तितं तर दोन नद्या हायत की!"

कुणी मानही वळवली नाही.

बायका गेल्यावर सावित्रम्मानं तिला जवळ बसवलं. "दाने, खरं सांगू? बोट हलली की मला मळमळायचं. तितलं जेवण घशाखाली उतरंना. तुझ्या भाकरीवर जगले बघ. बोटीतल्या बायकांनीबी मागून मागून खाल्ली."

दुसरी कुणी सुखावली असती. दानेश्वरीचे डोळे भरून आले, ते संतापानं.

"म्हंजे माझी भाकरी नाईल बघून आली, आन् मी हितं तव्यापुढं!"

"अगं, मळमळायचं म्हणते की मी."

"मग काय झालं? मीबी मळमळून घेतलं असतं!"

सावित्रम्मा चहा टाकायला उठली.

संध्याकाळी नवरा सिद्धेश्वर दुकानातून आला. त्याला पाणी द्यायच्या आधीच दानेश्वरीनं विचारलं, "पासपोर्ट कुटं काढतात?" सिद्धेश्वर हसला, पण तिचा चेहरा बघून लगेच सावरला.

पुढचा सगळा खटाटोप त्यानंच केला. यथावकाश पासपोर्ट आला. जायचं कुठं, कधी, कशानं, काहीच ठरलं नव्हतं. तरी दानेश्वरीनं इरकल नेसून तो गल्लीत घरोघर दाखवला. सावित्रम्माच्या दारावरून ती दोनदा गेली, पण आत गेली नाही.

शेवटी थोरलीनंच हाक मारली, "मला न्हाय व्हय दाखवायचा?"

"तुमच्याकडं हाय की," दानेश्वरी म्हणाली आणि पुढच्या घरात शिरली.