दगडाला सांगितलेली ओवी

सुलाबाई निकम यांनी साताऱ्यात आपले साप्ताहिक सुरू केले ते एकोणीसशे एकाहत्तर साली. पती सैन्यात होते. पासष्टच्या लढाईतून ते परत आले नाहीत. विधवा बाईने शाळेतील नोकरी सोडून छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत बसावे, हे पुष्कळांना रुचले नाही. परंतु सुलाबाई नेमाच्या पक्क्या होत्या. ज्याचे बोलणे छापायचे, त्याचे नाव व गाव खाली छापायचेच. गरिबाचे बोलणे निनावी राहते, म्हणून त्याची दखल कोणी घेत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सावली मिळावी, यासाठी त्यांनी कचेरीपुढे तीन दिवस ठिय्या दिला आणि छपरे उभी करविली. त्याच कामावर त्यांना औंधच्या बाजूच्या एका वाडीतील बनुबाई भेटली. हातोड्याच्या तालावर ती जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. सांगलीच्या नाट्यगृहात या ओव्यांचा कार्यक्रम करावयाचा, हे सुलाबाईंनी तेथेच ठरविले. पुढे कार्यक्रमाची तारीख पक्की झाली, तेव्हा त्यांनी अंकाच्या पहिल्या पानावर बनुबाईची एक ओवी नेमाप्रमाणे नावागावासह छापली:

सासरच्या चुलीपाशी, माझ्या वाटणीला धूर
भाकर थापता थापता, म्हायार राहिलं दूर

अंक वाडीत पोहोचला आणि पारावर मोठ्याने वाचला गेला. “जालिंदर, तुझ्या घरात धूर लय झालाय म्हनं. कौलं काढ गड्या,” असे म्हणून लोक बनुबाईच्या नवऱ्याला डिवचू लागले. त्याची आई अंबूबाई हिने सुनेचे सांगलीला जाणे बंद केले. कार्यक्रमाला आठच दिवस उरले होते. निरोप मिळताच सुलाबाईंनी एसटी धरली.

अंबूबाई ओसरीवर मटकी निवडीत होती. तिने मान वर केली नाही.

“या बाई. कागदावर माझी धिंड काढून आता च्या प्यायला आलासा व्हय?”

“मावशी, तुमचा अपमान करावा असे मनात नव्हते.”

“खोटं हाय असं मी कुटं म्हनते? धूर व्हताच. माझ्या वक्ताला तर चूलबी न्हवती, तीन दगडं व्हती. ते कुनी छापलं?”

सुलाबाईंनी सवयीने वही उघडली.

“लिवू नका. आदी इचारा.”

सुलाबाईंनी वही मिटली. एवढ्या दिवसांत आपण बनुबाईलाही काही विचारले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. बनुबाई दाराआड उभी होती. तुझी ओवी छापली याचे वाईट वाटले का, असे त्यांनी तिला विचारले.

बनुबाई उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, “बाई, आमी ते दगडाला सांगतो. जातं काय, खडी काय. दगूड कवा पारावर जाऊन बोलत न्हाई.”

“मग सांगलीला येणार नाहीस?”

“आत्याबाई आल्या तर यीन,” बनुबाई सासूकडे पाहून म्हणाली. “पर ती ओवी म्हननार न्हाई.”

सगळा कार्यक्रम सुलाबाईंनी त्या एका ओवीभोवती रचला होता. सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी तीच होती. तरीही त्यांनी होकार दिला, आणि अंबूबाईही यायला कबूल झाली.

ठरल्या दिवशी नाट्यगृह भरले. रंगमंचावर खरे जाते मांडले होते. सासू आणि सून समोरासमोर बसल्या होत्या. चार ओव्या झाल्यावर पुढच्या रांगेतील एक गृहस्थ उठले. “ती धुराची होऊ द्या.” मागूनही तीच मागणी झाली. बनुबाईचा हात थांबला.

सुलाबाई ध्वनिक्षेपकापाशी आल्या. “ती ओवी मी न विचारता छापली. ती चूक माझी आहे. ती येथे होणार नाही.”

“मग आम्ही आलो कशाला?” असे म्हणून ते गृहस्थ निघाले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. खुर्च्यांचा आवाज बराच वेळ होत राहिला.

“जाऊ देत की,” अंबूबाई पुटपुटली. “दुसरी घे. मी मागनं हाय.”

जाते पुन्हा फिरू लागले. सुलाबाई पडद्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या अंकाचे पहिले पान त्यांनी मोकळे ठेवले होते. वही पिशवीतच होती. काय छापू, हे आधी दोघींना विचारावयाचे होते. त्या कार्यक्रम संपण्याची वाट पाहू लागल्या.