उदगीरवरचा ढग

बुधवारी चार वाजता हे गेले. मुलीला फोन केला. ती हैदराबादहून निघाली. दुसऱ्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, त्यांना बसवून माती दिली. घरी आल्यावर मी दोन कप चहा ठेवला आणि एक ओतून दिला.

त्यांना एक गोष्ट विचारायची राहिली होती. तीस वर्षं एका घरात राहून मी ती विचारली नाही.

हे भूगोलाचे शिक्षक, मी मराठीची. लग्न झालं ते दुष्काळाचं वर्ष. आम्ही लोह्याला होतो. वर्गात पोरं नसायची. आईबापांबरोबर ती खडी फोडायला जात. दुपारी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन हे शाळेच्या पायरीवर बसत आणि रिकामं आभाळ बघत. मोजायची वही त्यांनी तेव्हा सुरू केली. पहिल्या पानांवर रोज एकच ओळ आहे: "आज ढग नाही."

काय मोजणार, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चुलीकडे बोट केलं. आमच्या खोलीवर पत्रे होते. चुलीचा धूर सरळ वर जायचा, पत्र्याला लागायचा आणि आडवा पसरायचा.

"वळवाचा मोठा ढग असाच वर चढतो," हे म्हणाले. "आणि एका उंचीवर जाऊन चपटा होतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. तिथे त्याला पत्रा लागतो. खाली तपांबर, वर स्थितांबर, मधली ती तपस्तब्धी. आपला सगळा पाऊस त्या पत्र्याखालीच."

"मग तो पत्रा हलतो का?"

"तेच बघायचंय," ते म्हणाले.

पाऊस आला तसे ढगही आले. लोह्याहून हदगावच्या बाजूचा ढग दिसायचा. पुढे आम्हाला लातूरला नोकऱ्या मिळाल्या आणि तिथून उदगीरच्या बाजूचा. उदगीर बरोबर पूर्वेला. दुपारनंतर ऊन मागून यायचं आणि तिकडचा ढग माथ्यापर्यंत पांढरा उजळून निघायचा. हे गच्चीवर उभे राहत. लाकडी कोनमापक, मध्ये भोक पाडून ओवलेला दोरा, दोऱ्याला सायकलचा नट. कड ढगाच्या माथ्यावर धरायची आणि दोरा कुठे आला ते मी वाचायचं. कोन मिळाला, अंतर मिळालं की उंची निघते. अंतरासाठी ढग नेमका कुठे उभा होता ते कळायला हवं. ते आम्ही एस.टी. स्टँडवर जाऊन विचारायचो.

उदगीरच्या गाडीचा कंडक्टर यांना लांबूनच ओळखायचा.

"काय गुरुजी, आलात का हजेरी घ्यायला?"

"साडेचारला कुठं होता तुम्ही?"

"उदगीरच्या स्टँडात. लई गारा. बोरावानी. पत्र्याचा नुसता ताशा वाजत हुता."

"गावावरच ना? देगलूरच्या अंगाला नाही?"

"न्हाई हो, डोक्यावरच. बाई, तुमचं म्हायेर उदगीरला हाय का? एवढी चौकशी कुणी सासुरवाडीची बी करीत न्हाई!"

मी हसले. हेही हसले, आणि वहीत लिहिलं: स्थळ उदगीर, वेळ साडेचार. पुढे रस्त्याच्या दगडावरचं अंतर घातलं.

मग लातूर जिल्हा झाला. गावात मिरवणुका निघाल्या, कचेऱ्यांवरच्या पाट्यांवर रंगारी चढले, दुकानदारांनी पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकू आमच्याकडे शेवया करू लागायला आल्या होत्या. हे गच्चीवरून आले. चेहरा उतरलेला.

"अगं, छत खाली आलंय."

"कुठलं? न्हाणीचं?"

"वरचं. सगळेच ढग यंदा कमी उंचीवर थांबतायत. तीनदा मांडून बघितलं."

काकूंनी हातातली शेवई तशीच धरून म्हटलं, "मग गुरुजी, नव्या कलेक्टरला अर्ज द्या की! म्हणावं, जिल्हा दिला, आता आभाळ जरा वर करून द्या."

मला हसू आवरलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू माझ्याहून जास्त. हे दारात उभे होते. त्यांनी वही मिटली, काखेत धरली आणि आत गेले.

त्यानंतर त्यांनी मला कधी दोरा वाचायला बोलावलं नाही. गच्चीवरही ते दिसेनात. कोनमापक जागेवर नव्हता. मी मनाशी धरलं की यांनी मोजणं सोडलं, आणि ते माझ्या हसण्यामुळे. विचारावं असं पुष्कळदा वाटलं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. हसण्याची माफी कशी मागायची ते मला कळलं नाही. दिवस बरे गेले, मुलगी शिकली, आम्ही एकमेकांची पथ्यं सांभाळली. संध्याकाळी हे पेपर आणायला म्हणून स्टँडकडे जायचे आणि उशिरा यायचे.

ते गेल्यावर मुलगी महिनाभर राहिली. ती परत गेल्यावर मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. वर ती जुनी वही होती. जिल्हा झाल्यानंतरच्या उन्हाळ्याचं पान काढलं. पानभर काट मारलेली, आणि समासात त्यांचं अक्षर:

"चूक माझी. अंतर एस.टी.चं धरलं. यंदा रस्त्याची वळणं काढली, दगड नवे बसले, अंतर कमी झालं, म्हणून उंची कमी आली. ढग रस्त्याने जात नाही. आजपासून नकाशावर फूटपट्टी."

खाली तारीख होती. त्या संध्याकाळनंतर तिसऱ्या दिवसाची. तीन दिवसांत त्यांना चूक सापडली होती. मी त्या आठवड्यात नुसतं "काय झालं हो छताचं?" म्हटलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं, आणि आम्ही दोघं त्यावर हसलो असतो.

जुन्या वहीखाली आणखी पाच वह्या होत्या. दर उन्हाळ्याच्या आणि दर परतीच्या पावसाच्या नोंदी. कोन, वेळ, स्थळ. स्टँडवर ते पेपरासाठी जात नव्हते; वाटेत कुठेतरी कोन मोजून तिथे ढगाची जागा विचारत होते. दोरा कोण वाचत होतं ते लिहिलेलं नाही. एकट्याने कोनमापक धरून दोरा वाचता येत नाही. दोरा बोटाने जागीच दाबून मग खाली घेऊन वाचावा लागतो. त्यात तो सरकतो.

शेवटच्या वहीत, दोन वर्षांपूर्वीचं: "मासिकात वाचलं. तपस्तब्धी वर सरकते आहे. खालची हवा तापते, वरची थंड होते, म्हणून. शास्त्रज्ञांना हवामानाच्या फुग्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींत दिसलं. बदल इतका थोडा की माझ्या कोनमापकाची अर्ध्या अंशाची चूक त्याहून कितीतरी मोठी. माझ्या वह्यांतून काही सिद्ध होणार नाही. हिला सांगावं का?"

त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची नोंद आहे. उदगीर, पाच वाजता, कोन.

मी मासिकं शोधली. तो लेख सापडला नाही.

आता पेटीत सहा वह्या आहेत. शेवटच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. कोनमापक पेटीच्या तळाशी होता, तो मी खिडकीच्या खिळ्याला लावला आहे. नट गंजला आहे, दोरा धड आहे. परवा उदगीरवर ढग उभा राहिला. मी गच्चीवर गेले आणि कोनमापक धरला. दोरा वाचायला कुणी नव्हतं.