आपला बिल्ला आपल्या हातानं

वेंडेल पेंगेली जन्मभर डोंगराच्या पायथ्याशी राहिला आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत डोंगरावर म्हणून गेला नाही. सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, कारण आमच्या बेसेट गावात येणारा प्रत्येक पाहुणा त्यालाच वाट विचारून वर जायचा. तिहेरी धबधबा, गरम पाण्याची कुंडं, खाणवाल्यांचं ओसाड गाव, आणि सगळ्यात वर कॉर्डेलिया तळं. कुठला ओढा दुपारनंतर फुगतो, कुठल्या वळणावर जीप रुतते, सगळं त्याला तोंडपाठ. सगळं ऐकीव!

त्याच्या दुकानात नकाशे, बुटांच्या नाड्या, मासेमारीचे गळ आणि मी. मी म्हणजे बर्टी. मागच्या खोलीत मी पेस्ट्या भाजायची. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा भरलेली तळहाताएवढी करंजी. खाणवाले डब्यात न्यायचे तीच. सकाळी सात वाजता गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत असायची. काय दिवस होते ते! टेक्सासवाले नव्या कोऱ्या टोप्या घालून यायचे, डेन्व्हरची पोरं अंथरुणातून तशीच उठून आलेली. आणि प्रत्येकाच्या हातात वेंडेल एक पितळी बिल्ला ठेवायचा.

हे बिल्ले टांगायची खिळ्यांची फळी मूळची ज्युबिली खाणीची. खाणीत उतरताना माणसानं आपल्या नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढून घ्यायचा आणि वर आला की परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. एवढा साधा हिशेब. वेंडेल त्या फळीवर बसणारा माणूस होता; बिल्ले बघायचे, आणि सगळे लागले की खाली सुरुंग उडवायची घंटा द्यायची. ब्याऐंशी साली खाणीला टाळं लागलं, तेव्हा बाकीच्यांनी हेल्मेटं नेली, दिवे नेले. यानं फळी उचलून आणली आणि डोंगरावर जाणाऱ्या हौशी लोकांसाठी दुकानात ठोकली. खिळा रिकामा म्हणजे माणूस वर. सगळे बिल्ले लागेपर्यंत हा गडी दुकान सोडायचा नाही.

आणि नियम एकच. आपला बिल्ला आपल्या हातानं लावायचा. नवऱ्यानं बायकोचा नाही, आईनं पोराचा नाही. लोक वैतागायचे. "अहो, तो तिकडे गाडीत पाय शेकतोय!" "मग शेकून झाले की येऊ द्या," हा शांतपणे म्हणायचा. एकदा एका न्यायाधीशीणबाईंना यानं हॉटेलातून परत बोलावलं होतं. मी लाजेनं पिठात तोंड खुपसलं.

या हट्टामागचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी विषय काढायचं नाही. वेंडेलचा धाकटा भाऊ क्लाइड खाणीतच होता. एका पाळीला क्लाइडच्या दोस्तानं दोघांचे बिल्ले लावले. "क्लाइड माझ्या मागेच आहे," म्हणाला. आमच्याकडे दोस्ती म्हणजे हेच. एकमेकांचे बिल्ले लावणं. क्लाइड विसरलेला डबा आणायला परत वळला होता. वेंडेलनं फळी पाहिली, भरलेली दिसली, आणि सुरुंगाला होकाराची घंटा दिली.

बस. त्यानंतर त्या माणसानं फळी कुणाच्या हाती दिली नाही.

त्याच्या बायकोचं नाव इना. बारीक, हसरी, टोमणे मारण्यात पटाईत. तिला कॉर्डेलिया तळं बघायचं होतं. एकटीनं नव्हे, याच्याबरोबर. "दुसऱ्यांबरोबर जायचं असतं तर मी तळ्यात पोहायलासुद्धा शिकले असते," म्हणायची. बिचारी वर्षानुवर्षं थांबली. नव्व्याण्णव सालच्या वसंतात डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि सांगितलं, अजून एखादा उन्हाळा. इतक्या उंचीवर जाऊ नका, हेही सांगितलं. ते इनानं दाराबाहेर पडायच्या आत विसरून टाकलं.

"वेंडेल, मी बसते फळीवर," मी जूनच्या शेवटी म्हटलं. "दोन वेळा घेऊन जा तिला. जुलैत फुलं बघायला आणि सप्टेंबरात डोंगर पिवळा झाला की."

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं तुझ्या पाठीमागे उभी राहून पेस्ट्याच भाजल्या का मी?"

तो आठ दिवस विचार करत होता. नववा दिवस उजाडला तेव्हा इनानं त्याच्यापुढे त्याचे बूट आणून आपटले. "उठा, म्हातारबा!" दोघांनी दोन बिल्ले घेतले, माझ्या दोन पेस्ट्या घेतल्या, आणि जीप निघाली. मी दारात उभी राहून रडले. आनंदानंच.

दिवस छान गेला. माणसं येत होती, बिल्ले खिळ्यावर टणटण लागत होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मिस्टर हॉब्स आले. दरवर्षी येणारे दाताचे डॉक्टर, चांगला माणूस. त्यांनी दोन बिल्ले लावले.

"आणि मिसेस हॉब्स?"

"खोलीवर गेली हो. पायाला फोड आलेत. तिला आता इथवर चालवत आणू का?"

मला दया आली. ओळखीचा माणूस, खोटं कशाला बोलेल? आणि खरं सांगू, पाहुण्यांना हाकलून परत बोलवायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. मी म्हटलं, "राहू द्या."

सहाला वेंडेल आणि इना आले. त्याचं नाक उन्हानं लाल झालेलं, आणि तो शीळ घालत होता. वेंडेल पेंगेली, शीळ! इना थकली होती, पण डोळे असे चमकत होते की बघत राहावं. "बर्टी, पाणी इतकं निळं की मला वाटलं कुणी चेष्टा करतंय," ती म्हणाली. "आणि हा बाबा काठावर बसून गप्प. तास झाला तरी उठेना. मीच म्हटलं, चल रे, पुन्हा यायचंय आपल्याला."

दोघांनी आपापले बिल्ले लावले. फळी भरली. वेंडेलनं हात फिरवून पाहिला.

"सगळे आले?"

"सगळे."

"आपापल्या हातानं?"

"हो," मी म्हटलं.

माझं तोंड मेलं आरसा आहे. कधी काही लपत नाही. तो नुसता म्हणाला, "बर्टी," आणि मी सगळं ओकले. तो धावला. दोन्ही गुडघे कामातून गेलेला माणूस रस्ता ओलांडून धावत गेला आणि मोटेलचं दार दणादणा बडवू लागला. मिसेस हॉब्स डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. "काय, आग लागली का?"

"नाही, बाई. माफ करा."

परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. फळीवरचे बिल्ले त्यानं एकेक करून पुन्हा मोजले. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मागाहून मिस्टर हॉब्स येऊन मात्र पोटभर बोलून गेले.

सप्टेंबर आला. डोंगर माथ्यापासून पिवळा होत खाली उतरला. एका सकाळी इना दुकानात आली ती बूट घालून, नाड्या घट्ट बांधून. चार पावलांत तिला धाप लागत होती. ती बाकावर बसली आणि आम्हां दोघांकडे बघायला लागली.

"वेंडेल, मी बसते," मी म्हटलं. "एकदा चुकले, कान धरते. देवाची शपथ, आज माझ्या सख्ख्या आईलाही सोडायची नाही."

तो फळीकडे बघत राहिला. "राग नाही गं तुझ्यावर, बर्टी. तूही म्हणालीस, सगळे आले. मीही तेव्हा हेच म्हणालो होतो."

"पण झालं काय? कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही! ती बाई आंघोळ करत होती!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

मी इनाकडे पाहिलं. वाटलं, आता ही भांडेल. तिनं भांडायला हवं होतं. माझ्या नावानं, त्याच्या नावानं, क्लाइडच्या नावानंसुद्धा ओरडायला हवं होतं. ती मात्र वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. एक सुटली. दुसऱ्या पायापर्यंत तिचा हात पोचेना, श्वासच पुरेना.

वेंडेल तिच्यापुढे खाली बसला. कुरकुरणारे गुडघे टेकून त्यानं ती दुसरी गाठ सोडवली, बूट काढला आणि तिचा पाय दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला. इनानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे रे," म्हणाली. "एकदा पाहिलं ना."

ती फेब्रुवारीत गेली. मी त्या दिवशी मिस्टर हॉब्सना एवढंच म्हणायला हवं होतं, जा, बाईंना घेऊन या.